वाचलं आणि समजलं

पेटंटच्या फॉर्मवर चार पर्याय होते. 'शोधक स्वतः सही करू शकत नाही, कारण' असं वर छापलेलं, आणि खाली एकाखाली एक: मयत, कायद्याने असमर्थ, पुरेसा शोध घेऊनही सापडत नाही, सही करण्यास नकार. लागू असेल त्यासमोर खूण करा. दुपारचे पावणेतीन झाले होते. ग्रंथालयाच्या तळमजल्यावर, नव्या पुस्तकांच्या नोंदी करण्याच्या खोलीत, शेजारच्या टेबलावरची सहकारी सफरचंदाच्या फोडी करत होती. आणि तिला, एकोणीस वर्षांत जिची एकही नोंद चुकीची म्हणून परत आली नव्हती अशा या बाईला, खूण कुठे करायची ते ठरवता येईना. मयत हे खरंच होतं. सात महिन्यांपूर्वी आईच्या मृत्यूच्या दाखल्याच्या पाच प्रती तिनेच रांगेत उभं राहून आणल्या होत्या, आणि पाच कशाला, तीन पुरतात, असं खिडकीतला माणूस म्हणाला तेव्हा तिला त्याचा रागही आला होता. पण तिसरा पर्याय तरी खोटा कुठे होता? पुरेसा शोध म्हणजे किती, हे कुणी लिहिलेलं नव्हतं. मागच्याच आठवड्यात बसमध्ये पुढच्या सीटवर घाईघाईने बांधलेला, आत पेन खोचलेला एक पांढरा अंबाडा दिसला म्हणून ती दोन थांबे पुढे गेली होती आणि उतरून तेवढंच अंतर चालत मागे आली होती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आणि चौथा पर्याय तर सगळ्यात जास्त आईसारखा होता. शाळेच्या सहलीचं संमतिपत्रही आई लाल खुणा करून परत पाठवायची: हे वाक्य नीट लिहून आणा, मग सही करते. वर्गात बाई ते मोठ्याने वाचायच्या आणि ती दप्तरात काहीतरी शोधत बसायची. "वाईट बातमी आहे का गं?" शेजारणीने विचारलं. नाही, नुसता फॉर्म आहे, ती म्हणाली. "फॉर्म म्हणजे वाईटच बातमी," असं म्हणून शेजारणीने एक फोड तिच्याकडे सरकवली.

फॉर्म पाठवला होता वकीलबाईंनी. आईच्या कंपनीची पेटंटची कामं त्याच पाहायच्या आणि आईशी त्यांचं चांगलं जमायचं, म्हणजे दोघी वर्षानुवर्षं एकमेकींची वाक्यं खोडत आल्या होत्या. आईचं नववं पेटंट, शेवटचं, अजून दाखल व्हायचं होतं. मसुदा आईने आजारपणातच पुरा केला होता. सही राहिली होती. मृत्युपत्रात आईने कागदपत्रांचं सगळं काम मुलीवर सोपवलेलं असल्याने आता दोनच गोष्टी हव्या होत्या, आणि त्या शुक्रवारच्या आत. एक, हा शोध आईने एकटीने लावला, दुसरं कुणी शोधक नाही, असं माझ्या माहितीप्रमाणे खरं आहे, यावर मुलीची सही. दुसरी बारीकशी गोष्ट: आईच्या नोंदवहीत या शोधाच्या मुख्य पानावर साक्षीदाराची सही राहून गेली होती. तेवढी वडिलांकडून आजच्या तारखेने घ्यावी, बाकी सगळ्या पानांवर त्यांचीच आहे. पत्राच्या शेवटी वकीलबाईंनी लिहिलं होतं की या मसुद्यात त्यांना खोडायला एकही वाक्य सापडलं नाही, आणि त्यामुळे त्यांना फार वाईट वाटलं.

आई काय करते, हे लहानपणी मैत्रिणींना सांगणं ही एक पंचाईतच असायची. डॉक्टर नाही, शिक्षिका नाही. कॉम्प्युटर बनवते का? नाही. त्यावरचे खेळ? तेही नाही. मग एकदा आईनेच तिला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून समजावलं होतं. पडद्यावर तो छोटा बाण फिरतो ना, तो जिथे उभा असतो तिथलं चित्र झाकलं जातं. बाण हलला की झाकलेलं परत दिसतं. ते कुठून येतं? खालून, ती म्हणाली होती, तिथेच तर असतं. आईचा चेहरा असा खुलला होता की जणू हे चुकीचं उत्तर मिळावं म्हणूनच ती इतके दिवस थांबली होती. पडद्याला खालचं असं काही नसतं, आई म्हणाली. सगळं एकाच पातळ थरात. बाण यायच्या आधी तिथलं चित्र कुणीतरी हळूच उचलून बाजूला जपून ठेवावं लागतं, आणि बाण गेला की जागच्या जागी परत मांडावं लागतं, इतक्या चटकन की माणसाला वाटावं, ते कधी हललंच नव्हतं. मी ते उचलून ठेवणारी, आई म्हणाली. आणि तसं करण्याची आईची एक स्वतःची रीत होती, जी आधी कुणाला सुचली नव्हती. ते पहिलं पेटंट. मग पुढची: पडद्याचा फक्त बदललेला तुकडाच पुन्हा रंगवायचा, सगळा नाही; दोन कामं एकाच वेळी पडद्यावर हक्क सांगू लागली तर कुणाला थांबवायचं. प्रत्येक पेटंटमागे कंपनी लाकडावर बसवलेली एक पितळी पाटी द्यायची. त्यातल्या दोन पाट्या कपाटाच्या डुगडुगत्या पायाखाली होत्या आणि एक गरम भांडं ठेवायला. आईला विचारलं तर म्हणायची, शेवटी आहे ना उपयोगाची?

आणि या सगळ्याच्या कडेला बाबा. बाबा सरकारी इस्पितळात नर्स होते, वॉर्डातले ब्रदर, एकतीस वर्षं. नोंदवहीचा नियम असा की प्रत्येक पान लिहून झालं की खाली शोधकाने सही करायची आणि त्याच्या खालच्या ओळीत एका साक्षीदाराने 'वाचलं आणि समजलं' असं लिहून तारीख घालायची, म्हणजे उद्या कुणी म्हणालं, हे माझ्या डोक्यात आधी आलं होतं, तर पुरावा राहतो. सुरुवातीच्या वर्षांत आई घरूनच काम करायची आणि हाताशी दुसरं कुणी नव्हतं, म्हणून बाबा. आणि मग ती पद्धतच पडली. वकीलबाई दर वेळी नाक मुरडायच्या, नवरा कसला साक्षीदार म्हणून, पण आईने कधी बदललं नाही. "अहो साक्षीदार, या जरा," असं ती आतून हाक मारायची आणि बाबा हात पुसत जायचे. घरात ती एक कायमची थट्टा होती: बाबा न वाचता सही करतात. तीही त्यात हिरिरीने सामील असायची, विशेषतः सोळा-सतरा वर्षांची असताना, जेव्हा तिला आईचा अभिमान वाटायचा आणि बाबांची, हे आज मान्य करायला हरकत नाही, थोडीशी लाज वाटायची. कंपनीच्या एका समारंभात कुणीतरी मोठ्या माणसाने बाबांना विचारलं होतं, तुम्हाला यांचं कुठलं काम सगळ्यात आवडतं? बाबा बराच वेळ विचार करून म्हणाले, "बाण." सगळे हसले, प्रेमाने हसले खरं तर, पण ती पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर निघून गेली. आईने नंतर तिला एवढंच विचारलं होतं, तहान भागली का? त्या प्रश्नाचा अर्थ तिने तेव्हा लावून पाहिला नाही. पुढेही बरीच वर्षं नाही.

संध्याकाळी ती सरळ बाबांकडे गेली. बाबा उशीच्या अभ्र्यांना इस्त्री करत होते. आई गेल्यापासून त्यांनी घर इतकं नीट ठेवलं होतं की ते पाहवत नसे. चादरीचे कोपरे वॉर्डातल्यासारखे ताणून आत खोचलेले, औषधांच्या बाटल्या गेल्या तरी त्यांची ओळ होती तिथे चहाचे कप त्याच शिस्तीत. फार बोलणं होत नसे. पूर्वीही घरात बोलायची ती आईच. बाप-लेकीचं बोलणं आईच्या मार्फत चालायचं आणि आता मधलं माणूस गेल्यावर दोघं एकमेकांशी जरा जास्तच अदबीने वागत होते, पाहुण्यांसारखी. तिने पानाची छायाप्रत टेबलावर ठेवली, पेन ठेवलं, शुक्रवारचं सांगितलं. सही करून मोकळे व्हा, म्हणजे जाताना टपालात टाकते, असंही बोलून गेली. बाबांनी इस्त्री बंद केली, उभी ठेवली, चष्मा लावला आणि वाचायला बसले. ते वाचत होते. ओळीखाली बोट धरून, मध्येच मागे जाऊन, एका आकृतीशी थांबून. पाच मिनिटं झाली, सात झाली. तिला आधी वाटलं, आईचं अक्षर बघतायत. मग लक्षात आलं की नाही, ते खरोखरच वाचतायत. मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि पेन तिच्याकडे सरकवलं.

"याच्यावर माझी सही चालायची नाही."

कोण म्हणालं, तिने विचारलं, वकीलबाईंनीच तर मागितली आहे. "तीच म्हणाली," बाबा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात आई नेहमी 'ती'च असायची. दुसरी कुणी ती नव्हती.

आणि मग ते तुटक तुटक सांगत गेले, अभ्र्याची घडी घालत, मोडत, पुन्हा घालत. गेल्या वर्षी थंडीत आईने हे पान लिहिलं. बाबा सवयीने पेन घेऊन गेले तर ती म्हणाली, नको, या पानाला तुमची सही चालत नाही. का, तर नुसती हसली, सांगेन म्हणाली. पुढच्या आठवड्यात तपासण्या सुरू झाल्या, मग ते सगळं, आणि सांगायचं राहून गेलं. त्यानंतरच्या तीन पानांवर तिने त्यांची सही घेतली, पण या पानाची सल राहिली. त्यांना वाटलं, आपलं चुकलं असणार. "काय चुकलं असणार?" तिने विचारलं. "परीक्षेत," बाबा म्हणाले. तिला कळेना. तेव्हा त्यांनी जरा संकोचाने सांगितलं की आई कधीच नुसती सही घेत नसे. पान वाचून झालं की वही मिटायची आणि म्हणायची, आता तुमच्या शब्दांत सांगा. नीट सांगता आलं तर सही. नाहीतर पुन्हा वाचा. एकदा त्यांना चार दिवस लागले होते, ते दोन कामं भांडणारं पान. शेवटी एक पलंग आणि दोन पेशंट असं करून त्यांनी सांगितलं तेव्हा ती खूश झाली, आणि तेच उदाहरण तिने मसुद्यातही घातलं, वकीलबाईंनी ते खोडलं. रात्रपाळीहून आल्यावर, मुलगी शाळेत गेल्यावर, हे चालायचं. मग संध्याकाळी सगळे मिळून त्यांची थट्टा करायचे की न वाचता सही करतात, आणि त्या दोघांनी ती थट्टा तशीच राहू दिली, कारण ती दोघांनाही आवडायची.

घरातल्या पंचवीस-तीस वर्षांच्या सकाळी तिच्या माघारी अशा भरलेल्या होत्या आणि तिला त्यांचा पत्ता नव्हता, हे समजायला थोडा वेळ लागत होता. तिला दिसत होती ती दोन माणसं, एक, पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडून बसलेला, डोळ्यांत झोप, आणि एक, वही मिटून समोर बसलेली, म्हणणारी, हं, सांगा. म्हणजे 'वाचलं आणि समजलं' हे खरं होतं, प्रत्येक पानावर, शब्दशः खरं, आणि आपण हसत होतो. समारंभातला तो 'बाण' तिच्या कानात पुन्हा वाजला आणि आता त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. बाबांना तिने विचारलं, त्या दिवशी बाण का म्हणालात? "अजूनही तोच," बाबा म्हणाले. "बाकीच्यात यंत्राचं काम कमी करायचं होतं. त्याच्यात नुसतं जपायचं होतं." मग तिने विचारलं, या पानाच्या वेळी तुमचं काय बोलणं झालं होतं? आठवतंय का?

आठवत होतं. आईची तक्रार चालली होती. झोपलेलं यंत्र जागं व्हायला दोन-तीन सेकंद घेतं, आणि तेवढा वेळ लोकांना काळा पडदा बघवत नाही, म्हणून ते झोपताना शेवटचं चित्र जपून ठेवतं आणि उठल्याबरोबर तेच दाखवतं. माणसाला वाटतं, झालं जागं. पण ते चित्र कालचं असतं. त्यातलं घड्याळ काल संध्याकाळचे सहा दाखवतं, त्यातली पत्रं काल आलेली असतात. कंपनीतले लोक म्हणत होते, तीन सेकंदांत कोण बघतंय. आईला ते सहन होत नव्हतं. सगळं काळं ठेवलं तर लोक घाबरतात, सगळं दाखवलं तर खोटं. निवृत्तीनंतर धरलेल्या खासगी इस्पितळातल्या रात्रपाळीवरून बाबा नुकतेच आले होते आणि त्यांचं अर्धंच लक्ष होतं. ते म्हणाले, आमच्या चार्टवर असं नसतं. ताप घेतला नसेल तर रकाना कोरा ठेवायचा. कालचा आकडा पुढे ओढायचा नाही, भले ताप तेवढाच असेल. नाव, वय, पलंगाचा नंबर राहू दे, ते बदलत नाही. कोरा रकाना दिसला की निदान येणारा माणूस थर्मामीटर घेतो. एवढंच ते बोलले आणि झोपायला गेले. उठले तेव्हा आई टेबलाशीच होती आणि चहा गार झाला होता.

तिने उठून आईच्या कपाटातून मूळ नोंदवही काढली. वही उघडताना बाबा खिडकीकडे बघत राहिले. ते पान तिला सापडलं. शाईत लिहिलेलं सगळं वकीलबाईंच्या प्रतीत होतंच: जे बदलत नाही ते जुन्या चित्रातून लगेच दाखवणे, जे बदलू शकतं ती जागा खरी माहिती येईपर्यंत कोरी ठेवणे. पण समासात पेन्सिलीने, इतकं फिकट की प्रतीत उतरलंच नव्हतं, आईने लिहिलं होतं: 'कालचा आकडा पुढे ओढायचा नाही. (साक्षीदार, सकाळी आठ.) सगळं इथून.' साक्षीदाराच्या सहीची जागा रिकामी. ती वहीच्या पुठ्ठ्याकडे वळली. पुठ्ठ्याच्या आत बारीक अक्षरात नोंदवहीचे नियम छापलेले होते, जे बहुधा कुणीच वाचत नसेल. पण तिचा जन्म असलं बारीक छापलेलं वाचण्यात गेला होता. सहाव्या नियमाशी ती थांबली. तो तिने आधी मनात वाचला आणि मग मोठ्याने वाचला.

"साक्षीदार हा त्या पानावरील शोधात सहभागी नसावा. सहभागी असल्यास त्याची सही साक्षीदार म्हणून ग्राह्य धरली जाणार नाही."

बाबांनी पुन्हा वाच म्हटलं. तिने पुन्हा वाचलं. त्यांनी वही मागून घेतली, समासातली पेन्सिल उजेडाकडे तिरकी धरून पाहिली, आणि बराच वेळ ते त्या नऊ-दहा शब्दांवरच होते. सव्वा वर्ष बाळगलेली सल अशी एका क्षणात जात नसते; ती जाताना माणूस थोडा पोरका दिसतो, तसे ते दिसले. मग त्यांनी वही मिटली आणि अगदी व्यवहारी आवाजात म्हणाले की हे वकीलबाईंना दाखवायची गरज नाही. आठ तिची होती, नववंही तिचंच असू दे. शेवटचं आहे. आपण काय, एक वाक्य बोललो पाण्यात पाय सोडून. नर्सचं नाव तिथे घातलं तर लोक हसतील, तिला हसतील.

इथे तिच्यापुढे पेच उभा राहिला, आणि तो कागदाचा नव्हता. बाबांचं मागणं तिला कळत होतं. त्यांना आईला काहीतरी द्यायचं होतं, आणि देण्यासारखं आता एवढंच उरलं होतं, आपलं नाव न घालणं. ते तिने मान्य केलं तर आजची संध्याकाळ सोपी होती. पण सही करायची होती ती 'माझ्या माहितीप्रमाणे खरं' याखाली, आणि दुपारी जे तिला माहीत नव्हतं ते आता माहीत झालं होतं. जाणूनबुजून शोधकाचं नाव गाळलं तर पेटंटच रद्द होऊ शकतं, हे तिने बाबांना सांगितलं. पण खरं कारण ते नव्हतं आणि बाबांनाही ते कळलं असावं. रोज तिच्या हाताखालून पुस्तकं जायची आणि प्रत्येकावर लेखकाचं नाव कुणाचं घालायचं, अनुवादकाचं कुठे, संपादकाचं कुठे, हे ती ठरवायची. एखाद्या पुस्तकावर दोन नावं असताना एकच नोंदवणं तिला कधी जमलं नव्हतं. आणि दुसरं असं की आईने हे पान मुद्दाम असं ठेवलं होतं. आई विसरणारी बाई नव्हती. ज्या जागी बाबांची सही घेऊन मोकळं होता आलं असतं, ती जागा तिने मोकळी सोडली, कारण त्यांना दुसरीकडे सही करायला लावायची होती, वरच्या ओळीत, शोधक म्हणून, स्वतःशेजारी. सांगायचं तेवढं राहून गेलं.

"बाबा," ती म्हणाली, "तिने तुम्हाला परीक्षेला बसवलंच नाही, कारण हा पेपर तुमचा होता."

बाबा उठले, स्वयंपाकघरात गेले, नळ सुरू झाला आणि बराच वेळ सुरू राहिला. ती गेली नाही मागे. परत आले तेव्हा चेहरा धुतलेला होता आणि हातात चहाचे दोन कप होते. नावं कुठल्या क्रमाने येतात, त्यांनी विचारलं. आईचं आधी, ती म्हणाली. नक्की? नक्की. आणि साक्षीदार मग कोण? या पानाला साक्षीदार नाही, ती म्हणाली, वकीलबाई नाक मुरडतील आणि काहीतरी करतील. मग ठीक आहे, बाबा म्हणाले. पण सही करायच्या आधी मसुदा वाचून दाखव, सगळा; न वाचता सही करणारा म्हणून आपलं नाव आधीच खराब आहे. ती हसली. कितीतरी दिवसांनी या घरात कुणी हसलं, आणि आवाज जरा मोठा वाटला.

मसुदा फोनवर उघडून ती वाचत गेली. बाबा डोळे मिटून ऐकत होते, मध्ये मध्ये मान हलवत होते, एका ठिकाणी 'बरोबर' म्हणाले. दाव्यांच्या, म्हणजे शोधात नवं काय ते सांगणाऱ्या भागाच्या, पहिल्या कलमाशी, 'खरी माहिती येईपर्यंत ती जागा कोरी ठेवणे' इथे त्यांनी हात वर केला.

"आणि आलीच नाही तर?"

तिने पुढचं चाळून पाहिलं. पाणी येणारच म्हणून नळाखाली भांडं धरावं तसा आईचा मसुदा सगळीकडे माहिती येणार असं धरूनच चालला होता. दोन सेकंद, फार तर तीन. न येण्याबद्दल त्यात काही नव्हतं. तिने तसं सांगितलं. मग ते घालायला हवं, बाबा म्हणाले. एखादं यंत्र पलीकडे बंदच पडतं. तिकडून काही येतच नाही पुन्हा. तेव्हा काय करायचं ते लिहिलं नसेल तर कुणीतरी शहाणा तो रकानाच काढून टाकेल, की नाही तर नाही, जागा कशाला अडवायची. त्यांनी कप खाली ठेवला. त्यांचा आवाज आता साक्षीदाराचा नव्हता. असा तिने तो एकदाच ऐकला होता, लहानपणी इस्पितळात, ते एका नव्या नर्सला काहीतरी पहिल्यापासून शिकवत असताना.

"रकाना काढायचा नाही," ते म्हणाले. "रेघा तशाच ठेवायच्या, नाव तसंच ठेवायचं वर. आत काही भरायचं नाही. बघणाऱ्याला कळलं पाहिजे की ही जागा कुणाची आहे."

तिने ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. मग पेन टेबलावर ठेवून, हाताने पान झाकून, ती म्हणाली, आता पुन्हा एकदा सांगा, सावकाश. आणि बाबा खुर्ची पुढे ओढून सांगू लागले.